साध्या रांगेची शिफारस

साक्रामेंटो, १४ जानेवारी

प्रिय मामा,

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. आई म्हणाली, "लिहून पाठव, रांगेत उभा असतो तेव्हा त्याला दुसरं काम काय असतं?" तर तुझ्यासाठी काम आहे.

मला नोकरी लागल्याचं तुला कळलं असेलच, कारण आईनं ते गल्लीतल्या पाववाल्यालाही सांगितलं आहे. आमचं अभ्यासकेंद्र तिहुआनातून रोज सीमा ओलांडून सान दिएगोला कामाला जाणाऱ्या लोकांचा अभ्यास करतं. कोण कुठल्या फाटकातून जातं, पुढे बस घेतं की ट्राम, पैसे किती पडतात, वेळ किती जातो, अशी सगळी माहिती गोळा करायची आहे. अख्ख्या कचेरीत त्या रांगेत प्रत्यक्ष उभी राहिलेली मी एकटीच. बाकीच्यांनी ती उपग्रहाच्या फोटोत पाहिली आहे आणि तिच्याबद्दल ते फार आत्मविश्वासानं बोलतात.

माझ्या पदवीच्या कागदाला तू स्वतःच्या हातानं चौकट करून दिलीस. त्या पदवीचा आपल्या घराला उपयोग व्हावा असं मला मनापासून वाटतं. तू पहाटे तिहुआनाच्या ला प्रेसा वस्तीतून निघतोस ते अंधार पडल्यावर परत येतोस. मामी गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही. आई म्हणते, तू आता "हो" आणि "ठेव तिथं" एवढंच बोलतोस. तुझे रोजचे दोन तास वाचले तर तू संध्याकाळी आईकडे जेवायला जाशील, माणसांत बसशील. खरं सांगायचं तर मी या अभ्यासाकडे त्यासाठीच बघते आहे.

तुझा सध्याचा मार्ग आणि खर्च लिहून कळव. तुझं नाव कुठेही येणार नाही. तू "प्रवासी क्रमांक चार". एका प्रवाशाची माहिती दुसऱ्याला सांगणार नाही, अशी मी लेखी शपथ घेतली आहे. हसू नकोस.

तुझी,
यादिरा


सीमेवरची रांग, १९ जानेवारी

चि. यादिरास,
अनेक आशीर्वाद.

हसलो नाही. रांगेत एकट्यानं हसलं की लोक मध्ये अंतर सोडतात आणि त्या अंतरात दुसरेच घुसतात.

क्रमांक चारचा मार्ग असा. घरापासून शेअर टॅक्सी, पंधरा पेसो. ड्रायव्हरची गाणी त्यातच येतात. मग सीमेवरची साधी रांग, फुकट. पलीकडे लाल ट्राम, अडीच डॉलर. शहरात उतरून हॉटेलच्या धुलाईघरापर्यंत पायी. तिथे दिवसभर चादरी. संध्याकाळी हेच उलट, फक्त रांग नाही, कारण आपल्या देशात शिरायची कुणाला घाई नसते आणि अडवायला कुणाला वेळ नसतो.

वेळ सगळा रांगेत जातो. कधी दीड तास, कधी अडीच. सोमवारी काही विचारू नये.

हे पत्र रांगेतच लिहितो आहे आणि पलीकडे गेल्यावर ट्रामच्या स्टेशनापाशी टपालात टाकणार आहे. लिहिताना टेकायला पुढच्या बाईंची पाठ आहे. इथला रिवाज तुला आठवत असेल. कागद भरायचा असेल तर पुढच्याची पाठ मागायची, आणि कुणी मागितली तर नाही म्हणायचं नाही. पुढच्या बाई म्हणजे ओब्दुलियाबाई आर्से. सीमेपलीकडे चुला विस्ता गावात एका म्हाताऱ्या कॅप्टनची देखभाल करतात. रुंद आणि स्थिर आहेत. पाठीबद्दल बोलतो आहे.

आत्ता म्हणाल्या, "कुणाला लिहिताय एवढं? टोचतंय."

मी म्हणालो, "भाचीला. पदवीधर आहे."

"मग सावकाश लिहा. चुका काढेल."

रोज त्याच कशा पुढे असतात, असं तू विचारशील. त्या रांगेच्या शेपटाशी, मक्याच्या पिठाचे वाफवलेले तमाले विकणाऱ्या तमालेवालीच्या गाडीजवळ उभ्या असतात आणि मी आलो की रांगेत शिरतात. एकदा कारण विचारलं. म्हणाल्या, तमाले गार व्हायची वाट बघत होते.

रांग हलली. थांबतो.

तुझा,
नासारिओ मामा


साक्रामेंटो, २७ जानेवारी

प्रिय मामा,

तुझी माहिती फार उपयोगी आहे. पाठीच्या रिवाजाबद्दल मी लिंडक्विस्ट बाईंना सांगितलं, त्या आमच्या प्रमुख. त्यांनी विचारलं, याचा प्रवासाच्या वेळेवर काय परिणाम होतो? मी तक्ता उघडून पाहिला. तक्त्यात तसा रकाना नाही.

एक सूचना. पेन बदल. तुझं अक्षर चांगलं आहे, पण कागदाला दोन ठिकाणी भोक पडलंय. दोन्ही भोकं ओब्दुलियाबाईंच्या नावापाशी आहेत.

आता पुढचं काम. तू एक-एक दिवस दुसऱ्या मार्गांनी जाऊन बघशील का? मला तीन हवे आहेत. पहिला, पैसे घेऊन वेगळ्या मार्गिकेतून नेणारी मिनीबस, जिच्यातले प्रवासी लांब रांग टाळून थेट तपासणीपाशी उतरतात. दुसरा, पूर्वेचं ओताइचं फाटक आणि तिथून शहर बस. तिसरा, तिहुआनातून सरळ सान दिएगोत नेऊन सोडणारी मोठी बस.

आणि मामा, जलद रांगेचं कार्ड तू कधीच का काढलं नाहीस? पलीकडे काम करायचा परवाना तुझ्याकडे मी जन्मायच्या आधीपासून आहे. अर्ज, चौकशी, एक मुलाखत, की पाच वर्षं सुटका. खर्च सव्वाशे डॉलरच्या आत. रोजचा रांगेतला वेळ जवळजवळ शून्य होतो. मी आकडे तीनदा तपासले, कारण माझा विश्वास बसेना.

तुझी,
यादिरा


सीमेवरची रांग, ९ फेब्रुवारी

चि. यादिरास,
अनेक आशीर्वाद.

तिन्ही मार्ग करून पाहिले. अहवाल खालीलप्रमाणे.

मिनीबस. पाच डॉलर. लवकर पोचते, हे मान्य करावं लागेल. बसायला जागा मिळाली. समोर सीटची पाठ होती. सीट काही बोलत नाही.

ओताइ. फाटकावर गर्दी कमी, कारण शहाणी माणसं तिथे जात नाहीत. पुढची शहर बस स्वस्त आहे. ती सगळ्या शाळा, सगळे दवाखाने आणि माझ्या अंदाजानं ड्रायव्हरच्या आत्याचं घर करत जाते. धुलाईघरात पोचलो तेव्हा चादरी वाळल्या होत्या.

थेट बस. "थेट" हा शब्द तिकिटावर छापलेला आहे, बसला तो माहीत नाही. तपासणीला सगळ्यांना सामानासकट उतरवतात. एका आजीबाईंच्या पिशवीत पेरू निघाले. फळं पलीकडे न्यायला बंदी आहे. आजीबाई म्हणाल्या, टाकणार नाही, खाऊन दाखवते. बारा पेरू होते. आम्ही थांबलो.

चौथ्या दिवशी साध्या रांगेत परत आलो. ओब्दुलियाबाई म्हणाल्या, "आजारी होता?"

"नाही. अभ्यास चालू होता."

"तीन दिवस?"

"तीन पर्याय होते."

"मला वाटलं, मेलात. रोज दोन तमाले घेत होते. दोन्ही मलाच खावे लागले."

माझा तमाले त्या कधीपासून घेतात ते मला माहीत नव्हतं. आजचा गार होता, पण डुकराच्या मांसाचा होता.

कार्डाबद्दल. मुलाखतीत म्हणे विचारतात, जलद का जायचं आहे? मला उत्तर सुचत नाही.

पेन बदललं आहे.

तुझा,
नासारिओ मामा


साक्रामेंटो, २० फेब्रुवारी

प्रिय मामा,

पत्रक तयार झालं! एका बाजूला सगळ्या मार्गांची तुलना, खर्च, वेळ, कुठे उतरायचं आणि पुढची बस किंवा ट्राम कुठली. दुसऱ्या बाजूला जलद रांगेच्या कार्डासाठी लागणारी माहिती, कच्ची भरायला. ती भरून रांगेजवळच्या टायपिंगच्या दुकानात दिली की ते अर्ज पुढे पाठवतात. अगदी खाली कचेरीचा पत्ता : "सूचना आणि तक्रारी अवश्य कळवा." आणि त्याखाली माझं नाव. लिंडक्विस्ट बाई म्हणाल्या, नाव नको. मी म्हणाले, तक्रार करणाऱ्याला समोर माणूस दिसायला हवा.

चाळीस प्रती पाठवते आहे. रांगेत वाटशील का? तुला कार्ड नको तर नको, पण एखाद्याला तरी त्याचा उपयोग होईल. एका माणसाचा रोजचा दीड तास म्हणजे केवढं आयुष्य, मामा! त्यात तो झोपेल, पोरांना शाळेत सोडेल, काहीतरी शिकेल. रात्री मी याच विचारानं जागी राहते.

तुझी,
यादिरा


सीमेवरची रांग, ३ मार्च

चि. यादिरास,
अनेक आशीर्वाद.

पत्रकं संपली. प्रत्येकाला तुझ्या नावावर बोट ठेवून दाखवलं. एकानं विचारलं, "ही कोण, मंत्री?" मी म्हणालो, "अजून नाही."

तमालेवालीनं सहा प्रती नेल्या. तमाले गुंडाळायला. तुझं संशोधन सगळ्यात लांब तीच पोचवते आहे.

ओब्दुलियाबाईंनी मात्र सगळं वाचलं, तळटिपांसकट. म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे. दीड तास वाचतो म्हणते."

मी म्हणालो, "ती म्हणते म्हणजे वाचतच असेल. आकडे तीनदा तपासते."

"मग काढू का कार्ड?"

तुझं पत्रक होतं, यादिरा. त्यात लिहिलेलं चूक आहे, असं मी कसं सांगणार? म्हणालो, "काढा की."

तर त्यांचा कच्चा अर्ज मी भरला. त्यांच्याच पाठीवर. पाच वर्षांचे पत्ते, नोकऱ्या, सगळं. त्या पुढे बघून सांगत होत्या, मी लिहीत होतो. शेवटी म्हणाल्या, "आणि लिहा, विधवा."

"तसं विचारलेलं नाही."

"तरी लिहा."

समासात लिहिलं.

मग म्हणाल्या, "तुमचाही भरून टाका. तुम्ही पुढे या, तुमच्या पाठीवर मी लिहिते."

मी उत्तर देणार होतो. तेवढ्यात रांग हलली.

तुझा,
नासारिओ मामा


सीमेवरची रांग, २१ मे

चि. यादिरास,
आशीर्वाद.

विशेष काही नाही. ओब्दुलियाबाईंना कार्ड मिळालं. या महिन्याच्या सुरुवातीपासून त्या जलद रांगेनं जातात. आता पुढे एक विद्यार्थी असतो. तुझं पत्रक बरोबर आहे. टॅक्सी आता सोळा पेसो झाली आहे, तेवढं दुरुस्त कर.

नासारिओ मामा


साक्रामेंटो, २७ मे

प्रिय मामा,

तुझं पत्र वाचून मला आधी आनंद झाला आणि मग काळजी वाटायला लागली.

आनंद अर्थात ओब्दुलियाबाईंचा. आपल्या पत्रकामुळे एका खऱ्या माणसाचा रोजचा वेळ वाचला! मी कचेरीत सगळ्यांना सांगितलं, नाव न घेता. लिंडक्विस्ट बाईंनी केक आणला. तू हे घडवलंस, मामा. स्वतःच्या हातानं अर्ज भरून दिलास. तुला किती समाधान वाटत असेल!

काळजी तुझ्या अक्षराची. ओळी कुठल्या कुठे गेल्यात आणि "पेसो" तर मला भिंगाखाली धरून वाचावं लागलं. हात थरथरतो का? मुंग्या येतात का? एवढ्या वर्षांच्या इस्त्रीनं मनगटाच्या शिरा दबतात, असं मी वाचलं आहे. आई म्हणाली, गेले तीन रविवार तू आलास, जेवलास आणि "ठेव तिथं"सुद्धा म्हणाला नाहीस. कृपा करून डॉक्टरकडे जा.

तुझी काळजीत असलेली,
यादिरा


चुला विस्ता, १२ जून

कु. यादिरा कोता यांस,

तुमच्या पत्रकावर लिहिलं आहे, तक्रार असल्यास अवश्य कळवा. आहे.

पत्रकात सांगितल्याप्रमाणे मी जलद रांगेचं कार्ड काढलं. मुलाखत घेणाऱ्यानं काहीच विचारलं नाही. रांग खरोखर जलद आहे. पर्स उघडून कार्ड काढेपर्यंत पलीकडे पोचते. पुढची ट्राम लगेच मिळते. परिणामी मी कॅप्टनच्या घरी ते उठायच्या खूप आधी पोचते आणि पायरीवर बसून राहते. गेल्या आठवड्यात त्यांनी खिडकीतून मला पाहिलं आणि जहाजावर चोर चढलेत म्हणून ओरडले. वाचलेल्या वेळाचं काय करायचं, हे तुमच्या पत्रकात कुठेही नाही. ही पहिली तक्रार.

दुसरी. साध्या रांगेत माझ्यामागे एक गृहस्थ उभे असत आणि माझ्या पाठीवर पत्रं लिहीत. कुणाला लिहीत ते तुम्हाला माहीत आहे, तेव्हा उगाच नाव लिहीत नाही. जलद रांगेतून साधी रांग दिसते. परवा ते एका मुलाच्या दप्तरावर लिहायला बघत होते. दप्तराला चेन होत्या. हाक मारणार होते, पण जलद रांगेत थांबता येत नाही, मागचे ढकलतात. रांगेचा हा दोष पत्रकात नमूद करावा.

मी त्यांना म्हटलं होतं, तुमचाही अर्ज भरा, मी लिहिते. उत्तर आलं नाही. तेव्हा त्यांना फक्त टेकायला पाठ हवी होती, असं मी धरून चालले. तीन महिने धरून चालले. आता चालवत नाही. येत्या सोमवारपासून, अठरा तारखेपासून, मी पूर्वीच्या वेळेला साध्या रांगेत उभी राहणार आहे. कारण खासगी आहे. तमाले.

यातलं एक अक्षर तुमच्या मामांना कळवलंत तर तुमच्या वरिष्ठांकडे तिसरी तक्रार येईल. प्रवाशाची माहिती तुम्ही गुप्त ठेवता, असं तेच मला अभिमानानं सांगत.

आपली,
ओब्दुलिया आर्से, विधवा


सीमेवरची रांग, १३ जून

चि. यादिरास,
अनेक आशीर्वाद.

हात ठीक आहे. डॉक्टरनं मनगट वळवून पाहिलं आणि दोनशे पेसो घेतले. लिहायला टेकण नाही, एवढंच आहे. विद्यार्थ्याच्या दप्तराला चेन आहेत. त्याच्या आधी एक जण प्लास्टरचा घोडा घेऊन उभा होता. घोड्यावर लिहून पाहिलं. ओळी शेपटीकडे जातात.

तू लिहिलंस, तुला समाधान वाटत असेल. पत्रक चांगलं आहे, मी तेव्हाही म्हणालो, आजही म्हणतो. पण तू पहिल्या पत्रात लिहिलं होतंस की वेळ वाचला तर मी माणसांत बसेन. पोरी, रोज पहाटे मी दोन तास माणसांतच असायचो. तुझी मामी गेल्यानंतर एवढं कुणाशी बोललो नव्हतो. तक्त्यात रकाना नाही, हे मला माहीत आहे.

कार्डाचा अर्ज मार्चपासून खिशात आहे. भरलेला नाही. भरायला पाठ लागते, आणि जी मिळत होती तिला मी उत्तर दिलं नाही. रांग हलली, असं तुला लिहिलं होतं. रांग हललीच होती. पण दोन पावलं. दोन पावलांत माणूस उत्तर देऊ शकतो.

तर आता एक शास्त्रीय प्रश्न. आमच्याच वेळेला निघालेली कार्डवाली व्यक्ती ट्रामच्या स्टेशनावर किती वाजता पोचेल? मिनीबसनं गेलो तर तीच वेळ साधते, असा माझा हिशेब आहे. येत्या सोमवारपासून मी मिनीबसनं जाणार आहे. रोजचे पाच डॉलर परवडत नाहीत, पण ओव्हरटाइम मागून घेतला आहे. अभ्यासासाठी म्हणून लिहून ठेव.

तुझा,
नासारिओ मामा


साक्रामेंटो, १९ जून

प्रिय मामा,

तुझं पत्र काल, सोमवारी, मिळालं. त्याच टपालात आणखी एक पत्र होतं. दोन्ही मी कचेरीच्या जिन्यात बसून वाचली, मग परत वाचली. मग तुला सात वेळा फोन केला. तू उचलला नाहीस. आईकडे निरोप ठेवला तर तो तुझ्याआधी पाववाल्याला कळेल. म्हणून हे पत्र जलद टपालानं तुझ्या धुलाईघराच्या पत्त्यावर पाठवते आहे.

मी शपथ घेतली आहे, तेव्हा एका प्रवाशाची माहिती दुसऱ्याला सांगता येत नाही. पण शिफारस करणं हे माझं काम आहे. त्याचा मला पगार मिळतो.

प्रवासी क्रमांक चार यांना मिनीबसची शिफारस केली जात नाही. त्यांनी उद्यापासून, हे पत्र उद्या मिळालं नाही तर मिळेल त्या दिवसापासून, साध्या रांगेनं जावं. पूर्वीच्याच वेळेला. रांगेत शिरण्याची जागा तमालेवालीच्या गाडीपाशी. वेळ दीड ते अडीच तास, खर्च शून्य. क्रमांक चारसाठी उपलब्ध पर्यायांत हा सर्वांत चांगला आहे. कारण देता येत नाही. आकडे मी तीनदा तपासले आहेत.

मामा, मी केक खाल्ला होता.

तुझी,
यादिरा


साक्रामेंटो, १९ जून

श्रीमती ओब्दुलिया आर्से यांस,

आपल्या दोन्ही तक्रारी मिळाल्या. दोन्ही रास्त आहेत. पत्रकाच्या पुढच्या आवृत्तीत मी असं वाक्य घातलं आहे : "वाचलेला वेळ कुणासोबत घालवायचा, हे ठरवून मगच मार्ग निवडावा." लिंडक्विस्ट बाईंनी ते खोडलं. मी परत घातलं.

आपण साध्या रांगेत परतण्याचा निर्णय घेतला आहे. केंद्र त्याला दुजोरा देतं. पहिले काही दिवस अपेक्षित परिणाम दिसला नाही तरी कृपया मार्ग बदलू नये. निदान या शुक्रवारपर्यंत तरी नाही. मार्गांच्या अभ्यासात सुरुवातीचे आकडे नेहमीच फसवे असतात.

आपल्या मामांना, म्हणजे माझ्या मामांना, एक अक्षरही कळवलेलं नाही.

आपली नम्र,
यादिरा कोता


सीमेवरची रांग, २२ जून

चि. यादिरास,
अनेक आशीर्वाद.

अक्षरावरून ओळखलं असशील.

सोमवारी मिनीबसनं गेलो. ट्रामच्या स्टेशनावर उभा राहिलो. जलद रांगेतून येणारी प्रत्येक बाई पाहिली. सहा ट्राम सोडल्या. तिथल्या पहारेकऱ्यानं विचारलं, "काका, कुठली ट्राम हवी आहे?" मी म्हणालो, "ट्राम कुठलीही चालेल." मंगळवारी, बुधवारी आणि गुरुवारीही तेच. बुधवारी त्यानं खुर्ची दिली. धुलाईघरात चारही दिवस उशीर. ओव्हरटाइम मागणारा माणूस उशिरा येतो, हे तिथल्या बाईंना समजावून सांगता आलं नाही.

काल तुझं पत्र हातात पडलं. आज साध्या रांगेकडे गेलो. ओब्दुलियाबाई तमालेवालीच्या गाडीपाशी उभ्या होत्या. हातात दोन तमाले. सोमवारपासून उभ्या होत्या म्हणे, आणि चार दिवस दोन-दोन खाऊन तमाल्यांचा कंटाळा आला होता.

म्हणाल्या, "अभ्यास चालू होता?"

"हो."

"पर्याय किती होते?"

"एकच निघाला."

मग रांगेत शिरलो. त्या पुढे, मी मागे. खिशातला अर्ज काढून त्यांना दिला आणि म्हणालो, "मार्चमध्ये तुम्ही काहीतरी विचारलं होतं. उत्तर 'हो' असं आहे." त्या म्हणाल्या, "फिरा." मी फिरलो आणि त्यांनी माझ्या पाठीवर सगळा अर्ज भरला. पत्ते, नोकऱ्या, सगळं. समासातही काहीतरी लिहिलं. काय ते दाखवत नाहीत. कार्ड यायला तीन महिने लागतील, तोवर साधी रांग. कार्ड आल्यावर काय करायचं ते ठरलेलं नाही. कॅप्टनना उठायला तसाही वेळ लागतो.

रविवारी तुझ्या आईकडे दोघं जेवायला जाणार आहोत. तिला आधी कळवू नकोस. पाववाल्याला तिथेच कळू दे.

आता मी परत मागे आहे आणि हे पाठीवर लिहितो आहे. ओब्दुलियाबाई म्हणतात, इतके दिवस तुम्ही काय लिहीत होता ते मला कळत होतं. मी म्हणालो, शक्य नाही, पाठीला डोळे नसतात. त्या म्हणाल्या, "सगळं नाही. पण माझं नाव आलं की तुम्ही दाबून लिहायचात."

पेन बदललं होतं, तरीही.

खरं-खोटं करून बघतो. तोंडानं काही सांगत नाही, नुसतं लिहितो :

ओब्दुलिया.

शेवटच्या अक्षरापाशी रेघ वाकडी गेली आहे, त्याला माझा इलाज नाही. पाठ हलते आहे. त्या हसताहेत.

तुझा,
नासारिओ मामा